पी. बाळू : एका विस्मरणाचा इतिहास

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भाचा संघ या स्पर्धेत उतरत होता. म्हणजे साठ वर्षे हरणाऱ्यांच्या यादीत आपले नाव शोधण्याची आम्हा वैदर्भीयांना सवय झालेली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या प्राध्यापक-कक्षात साहजिकच रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकची चर्चा होती. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या बसच्या वेळा सांभाळत शिकवणारे आम्ही लोक, पण त्या दिवशी कुणालाही घाई नव्हती.

कक्षाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मात्र दुसराच विषय चालला होता. त्याच १ जानेवारीला भीमा कोरेगावला लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त जमलेल्या लोकांवर हल्ले झाले होते, आणि ३ तारखेच्या बंदची कुणकुण लागली होती. दोन कोपरे, दोन बातम्या. मध्ये चहाचे टेबल. एका कोपऱ्यातील माणसे दुसऱ्या कोपऱ्यात जात नव्हती असे नाही, पण गेली की विषय बदलून बोलत होती.

क्रिकेटच्या कोपऱ्यात आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ प्राध्यापक येऊन बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. विजयाची बातमी ऐकून त्यांना सी. के. नायडूंची आठवण झाली. त्यांच्या वडिलांनी नायडूंना नागपुरात खेळताना पाहिले होते. ते वर्णन त्यांनी इतक्या तपशिलाने केले की वडिलांनी पाहिलेले आणि मुलाने ऐकलेले यांतील सीमारेषाच राहिली नाही. नायडू नागपूरचे, जन्म १८९५ चा. १९१६ साली चौरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडून पहिल्यांदा खेळले आणि धावांचे खाते त्यांनी षटकारानेच उघडले, ही कथा विदर्भात अजून सांगितली जाते. १९२६ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्यांनी आर्थर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार होते. पुढे १९३२ साली लॉर्ड्सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. मधल्या काळात होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले होते, आणि म्हणूनच इंदुरातल्या विजयाने आमच्या सरांना गहिवरून आले. 'आपल्याच माणसाच्या गावी जिंकलो,' असे ते म्हणाले.

मी सहज विचारले, 'सर, नायडू ज्या हिंदू संघातून खेळले त्याच संघातले बाळू पालवणकर, विठ्ठल पालवणकर तुमच्या वडिलांच्या बोलण्यात यायचे का?' सरांनी थोडा वेळ आठवून पाहिले. नाव ऐकल्यासारखे वाटते, एवढेच म्हणाले. मग मी दुसऱ्या कोपऱ्यातल्या मित्रांनाही विचारले. चळवळीच्या इतिहासावर अधिकाराने बोलू शकणारी ही माणसे. त्यांच्यापैकी एकाला पुणे कराराच्या संदर्भात 'पी. बाळू' हे नाव ठाऊक होते, पण ते क्रिकेटपटू होते हे ठाऊक नव्हते. दोन्ही कोपऱ्यांत ज्याला जागा असायला हवी होती असा माणूस दोन्हीकडून गळून गेला होता. प्रस्तुत लेखाचा विषय हा गळून जाण्याचा इतिहास आहे.

आधी बाळू यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा तपशील एकत्र मिळत नाही.

पालवणकर हे चांभार कुटुंब. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले, वडील लष्करी खात्यात नोकरीस, त्यामुळे बाळू यांचा जन्म धारवाडचा आणि बालपण पुण्यातले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर भावंडे खेळायला शिकली. बाळू यांची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याची व रोलर फिरवण्याची होती, पगार महिना ३ रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तेथे जाळे लावणे, खेळपट्टी तयार करणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे अशी कामे त्यांच्याकडे होती. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी येऊन बाळू यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी, आणि आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत पैशाचा हिशेब असतो तेव्हा ती सहसा टिकते. या सर्व वर्षांत बाळू यांनी साहेबांना हजारो चेंडू टाकले असतील, पण फलंदाजी करण्याची संधी त्यांना एकदाही देण्यात आली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम आणि फलंदाजी हा सरदारी थाट, ही विभागणी इंग्रजांनी आपल्या घरून आणलेली होती. आपल्याकडे तिला आयते अस्तर मिळाले.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. वाद झाला. काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, तेलुगू सभासदांचा आग्रह होता. अखेर तोडगा निघाला तो असा : मैदानात बाळू सर्वांच्या बरोबरीने खेळतील, सर्वांनी हाताळलेला चेंडू हाताळतील, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या कपात चहा मिळेल आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाईल. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे. या तोडग्यातील तर्कशास्त्र तपासून पाहण्यासारखे आहे. उपयोग आणि सन्मान यांची इतकी काटेकोर फारकत करणारे वाक्य एखाद्या धर्मग्रंथातही सापडणार नाही. ते एका क्लबाच्या व्यवहारात सापडते. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या विजयानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी बाळू यांचा सत्कार केला आणि ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत काय, असे खेळाडूंना सुनावले, असे सांगितले जाते. टिळकांच्या हस्तेही त्यांचा सत्कार झाला. एकाच गोलंदाजाने रानडे व टिळक या दोघांनाही एका कृतीवर आणावे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील पुण्यात लहान नव्हती.

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशावरून पुन्हा कुरबूर झाली, पण कर्णधार कीर्तिकरांनी ती मोडून काढली. येथून पुढचा इतिहास म्हणजे एका संघाचा आणि त्याच्या प्रेक्षकांचा इतिहास आहे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. वंगभंगाचे दिवस होते, स्वदेशीची चळवळ भरात होती, तेव्हा या विजयाला काय अर्थ मिळाला असेल याची कल्पना करता येते. पण 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने त्याकडे आणखी एका बाजूने पाहिले. पुण्याच्या मैदानाबाहेर चहा पिणारा माणूस मुंबईच्या संघात सर्वांबरोबर जेवतो, हा बदल त्या पत्राला सामन्याच्या निकालाहून मोठा वाटला. बाळू यांच्याबरोबर त्यांचे धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. पुढे गणपत आणि विठ्ठल आले. चार सख्खे भाऊ एका संघाचा कणा असावेत, असे उदाहरण आपल्या क्रिकेटमध्ये विरळा.

धावफलकावर मात्र हे भाऊ 'पी. बाळू', 'पी. शिवराम', 'पी. गणपत', 'पी. विठ्ठल' असे लिहिले जात. आडनाव आद्याक्षरात आटले आणि नाव आडनावाच्या जागी गेले. भाषेच्या अभ्यासकाने याची नोंद घ्यावी. देवधर हे देवधर राहिले, नायडू हे नायडू राहिले. पालवणकरांचे घराणे मात्र एका अक्षरात गेले, आणि पुढच्या पिढीला ही चार भावंडे होती हे कळायलाही जरा शोध घ्यावा लागला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांच्या नेतृत्वाखाली हिंदू, मुसलमान आणि पारशी खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमारच झाली. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक होते. पण बाळू यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तेव्हा ते पस्तिशीत होते, खांदा दुखत होता. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत १७९ बळी आणि १५.२१ ची सरासरी, हा त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब. आकड्यांच्या नादी मी सहसा लागत नाही. ते येथे देण्याचे कारण एवढेच की, बाळू यांच्याविषयीचा आदर हा सहानुभूतीतून आलेला आहे असा कुणाचा ग्रह होऊ नये.

आता कर्णधारपदाचा प्रश्न. दहा-बारा वर्षे बाळू हे संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू होते. कर्णधार नेहमी दुसराच होई. १९१३ साली एम. डी. पै यांना कर्णधार केले गेले तेव्हा सत्काराला उत्तर देताना, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून माझ्या मित्राला, बाळूला मिळायला हवा होता, अशा आशयाचे उद्गार पै यांनी काढले. पै सारस्वत ब्राह्मण. या प्रसंगात व्यक्ती उदार आहे आणि संस्था अनुदार, आणि व्यक्तीच्या औदार्याने संस्थेचा निर्णय काही बदललेला नाही.

१९२० साली हे प्रकरण टोकाला गेले. पै आजारी पडले. विठ्ठल तेव्हा फलंदाज म्हणून उत्तम बहरात होते, ज्येष्ठ होते. निवड समितीने कर्णधारपद दि. ब. देवधरांना दिले आणि बाळू यांना संघातूनच वगळले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडली. ज्येष्ठता आणि गुण डावलून जातीकडे पाहिले जात असेल तर आम्ही खेळणार नाही, असा त्याचा आशय. गांधींच्या असहकाराचे ते वर्ष. इंग्रज सरकारशी असहकार पुकारला जात असताना दोन चांभार क्रिकेटपटूंनी हिंदू संघाशी असहकार केला. तोही आपल्या राजकीय इतिहासाचा भाग मानायला हवा. लोकमत भावांच्या बाजूने गेले. पै बरे होऊन परतले, अंतिम सामन्यासाठी बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले, भाऊ परत आले. आणि सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून बाळू यांना संघाचे नेतृत्व करता यावे. वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, काही षटकांपुरते, दुसऱ्याच्या सौजन्याने मिळालेले हे कर्णधारपद. मला हा प्रसंग सुखद वाटत नाही. अनेकांना वाटतो.

देवधरांविषयी एक खुलासा करणे न्यायाचे होईल. ते मोठे फलंदाज होते, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. निवड त्यांनी केली नव्हती. त्यांची केली गेली होती. १०१ वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले आणि त्यांच्या नावाने १९७३ पासून करंडक खेळला गेला. नायडूंच्या नावाने कनिष्ठ गटाचा करंडक आहे, नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. बाळू यांच्या नावाने राष्ट्रीय पातळीवर असे काही झालेले नाही.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून मिरवले. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये एका वाचकाने पत्र लिहून या दृश्यावर आनंद व्यक्त केला : अस्पृश्य मानलेल्या जातीतला कर्णधार उच्चवर्णीयांच्या खांद्यावर बसला, यापेक्षा या सामन्यांचे मोठे फलित कोणते? पत्राच्या शेवटी गांधींचा जयजयकार होता. खांद्यावर घेणाऱ्यांचा आनंद खरा होता, याबद्दल मला शंका नाही. प्रेक्षक असा एखाद्या तासापुरता जातिमुक्त होऊ शकतो. प्रश्न त्यानंतरच्या शंभर वर्षांचा आहे. ज्यांनी खांद्यावर घेतले त्यांनी घरी जाऊन आपल्या मुलांना काय सांगितले? आमच्या सरांच्या वडिलांच्या पिढीतली ही माणसे. त्यांच्या सांगण्यात नायडूंचे षटकार आले, खांद्यावरचे विठ्ठल का आले नाहीत?

याचे एक कारण संघाच्या मरणात आहे. धर्मावर आधारलेली ही स्पर्धा १९०७ ला तिरंगी, १९१२ ला चौरंगी आणि १९३७ ला पंचरंगी झाली. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधींचा सल्ला घ्यायला आमच्या विदर्भातच, वर्ध्याला आले होते. जातीय पायावर संघ पाडण्यास गांधींनी स्पष्ट नापसंती दर्शवली. १९४६ नंतर स्पर्धा कायमची बंद पडली. ती बंद पडली हे उत्तमच झाले. पण संघ गेला की त्या संघाची आठवण सांगण्याचा प्रसंगही जातो. शिवाय ज्या संघाचे नावच नव्या राष्ट्राला अडचणीचे, त्याच्या आठवणी कोण जागवणार? नायडू, देवधर, मर्चंट यांना पुढे रणजी आणि कसोटीच्या इतिहासात दुसरे घर मिळाले. बाळू यांची कारकीर्द त्याआधीच संपली होती. त्यांचा सगळा पराक्रम मोडलेल्या घरात राहिला.

स्मृतीला पुन्हापुन्हा येणारा दिवस लागतो, ही गोष्ट आमच्या झाडीपट्टीत राहणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. एम. ए. च्या वर्गात मी एकदा विद्यार्थ्यांना विचारले होते की, तुमच्या आजोबांच्या तोंडून कुठल्या जुन्या खेळाडूचे नाव ऐकले आहे? गडचिरोलीकडच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी शंकरपटातल्या बैलजोड्यांबद्दल लिहिले. कुणाची जोडी, कोणत्या गावचा पट, कोणत्या वर्षी कोण जिंकले, हे सारे नातवंडांना पाठ. झाडीपट्टीच्या नाटकांतील नटांचेही तसेच. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या दर हंगामात गावोगाव फिरतात, मंडईच्या रात्री नाटक होते, आणि पहाटे परतताना म्हातारी माणसे आजच्या नटाची तुलना तीस वर्षांपूर्वीच्या नटाशी करतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा राजधानीला त्यांची ओळख नव्याने झाली, गावांना ती करून द्यावी लागली नाही. २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले तेव्हा एका विद्यार्थ्याचे आजोबा म्हणाले होते म्हणे की, आता जुन्या जोड्या मरतील. बैल केव्हाच मेलेले होते.

तथापि केवळ संघ संपला म्हणून खेळाडू विसरला जातो, हे विधानही पूर्ण खरे नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात त्या देशाचा स्वतःचा फुटबॉल खेळला जातो. तेथे डग निकोल्स नावाचा एक आदिवासी खेळाडू होऊन गेला. जन्म १९०६. तो प्रथम कार्लटन क्लबात गेला असता त्याच्या अंगाला हात लावून मालिश करण्यास तेथील माणसांनी नकार दिला; त्याचा रंग त्यांना सहन झाला नाही. पुढे १९३२ पासून तो फिट्झरॉय क्लबाकडून खेळला. तेथेही तो आरंभी कोपऱ्यात एकटाच बसे. संघातला सर्वांत नावाजलेला खेळाडू हेडन बंटन त्याच्याशेजारी जाऊन बसला तेव्हा ते अवघडलेपण सुटले. निकोल्स पुढे धर्मोपदेशक झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झगडले आणि १९७६ साली साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. फिट्झरॉय क्लबाचा मोठ्या स्पर्धेतला संघ १९९६ साली ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला, म्हणजे तोही संघ एका अर्थाने संपला. तरीही त्याच्या जुन्या चाहत्यांनी आपले खेळाडू जपले, आणि २०१६ पासून तेथील लीगमध्ये आदिवासी खेळाडूंच्या गौरवासाठी राखलेली सामन्यांची फेरी सर डग निकोल्स यांच्या नावाने ओळखली जाते. मालिश करणाऱ्याचा नकार आणि पॅव्हेलियनबाहेरचा मातीचा कप यांत फरक तो किती? फरक पडला तो पुढे. निकोल्स यांना आपले म्हणणारा एक समाज उभा राहिला आणि क्लबाच्या गोऱ्या चाहत्यांनीही त्यांना आपले म्हटले. बाळू यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

येथे मी त्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळतो.

विद्यार्थीदशेतल्या आंबेडकरांना बाळू यांच्याविषयी अभिमान होता. अस्पृश्य समाजातला सर्वांत प्रसिद्ध माणूस त्या काळी बाळूच होते. पण पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. बाळू काँग्रेस आणि गांधींच्या जवळ गेले. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. १९३२ च्या पुणे करारावर एम. सी. राजा यांच्याप्रमाणे त्यांचीही सही आहे. १९३५ साली येवल्याला आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही त्यांना मान्य झाली नाही. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांच्या विरोधात बाळू यांना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळू यांना ११,२२५. सुमारे दोन हजार मतांचा फरक. ज्या पक्षाने साठीच्या क्रिकेटपटूला या कामासाठी निवडले, त्या पक्षाचा हेतू काय होता हे उघड आहे, आणि बाळू यांना तो कळत नव्हता असे मानणे हा त्यांचा अपमान होईल. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे एक बाजू घेतली.

४ जुलै १९५५ रोजी बाळू यांचे निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चंद्रपूरला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी त्या दिवशी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. येथील पुस्तकांच्या दुकानांतून मी माझ्या संग्रहातली निम्मी पुस्तके घेतली आहेत. त्या दुकानांत बाळू यांच्यावर एखादी पुस्तिका शोधणे मला स्वतःलाच थोडे विचित्र वाटले, हे कबूल करतो. बाबासाहेबांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाची आठवण त्यांच्या अनुयायांनी का ठेवावी? हा प्रश्न मला अन्यायाचा वाटत नाही. ज्या समाजाला आपली एकेक आठवण झगडून मिळवावी लागली, त्याने प्राधान्य कुणाला द्यावे हे बाहेरून सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. पण मग उरलेल्यांनी तरी? ज्यांच्या संघासाठी बाळू यांनी आपला डावा खांदा झिजवला, त्यांच्याकडे विसरण्यासाठी असे कोणते कारण होते? एका कोपऱ्यातले विस्मरण राजकीय आहे आणि त्याला इतिहास आहे. दुसऱ्या कोपऱ्यातले विस्मरण नुसतेच सोयीचे आहे. या दोहोंना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

साहित्याचा अध्यापक म्हणून मला सर्वाधिक टोचणारी बाब वेगळीच आहे. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिले : 'माझे क्रीडा-जीवन'. वर दिलेल्या हकिगतींपैकी अनेक गोष्टी शेवटी या पुस्तकावर येऊन ठेपतात. २००२ साली रामचंद्र गुहा यांचा 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हा इंग्रजी ग्रंथ आला आणि त्यात पालवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान मिळाले. गुहांनी या मराठी आत्मचरित्राचा आधार घेतला होता. म्हणजे मराठीतले पुस्तक मला, मराठीच्या अध्यापकाला, इंग्रजीमार्गे भेटले. वीस वर्षे मी आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवत आहे. दलित आत्मकथनांचा विषय आम्ही दया पवारांच्या 'बलुतं'पासून, म्हणजे १९७८ पासून, सुरू करतो. 'माझे क्रीडा-जीवन' त्याच्या ३० वर्षे आधीचे. त्याला कोणत्या कप्प्यात ठेवायचे हे आम्हाला कळले नाही म्हणून ते कुठेच ठेवले गेले नाही. खेळाडूचे पुस्तक म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ते वगळले; विद्रोहाचा स्वर अपेक्षेप्रमाणे नाही म्हणून दलित साहित्याच्या चर्चेत ते आले नाही; आणि क्रिकेटवर लिहिणाऱ्यांना आकडे पुरेसे वाटले.

वेस्ट इंडीजच्या सी. एल. आर. जेम्स यांचे 'बियाँड अ बाउंडरी' हे १९६३ चे पुस्तक आज जगभरच्या विद्यापीठांत साहित्य म्हणून वाचले जाते. त्यात जेम्स एक कबुली देतात. तरुणपणी त्रिनिदादमध्ये क्लब निवडताना त्यांच्यापुढे शॅनन आणि मेपल असे दोन पर्याय होते. शॅनन काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा, लिअरी कॉन्स्टंटाइनचा क्लब. मेपल उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा. जेम्स यांनी मेपल निवडला, आणि त्या निवडीमुळे आपली राजकीय जाणीव काही वर्षे मागे पडली, असे पुढे त्यांना वाटत राहिले. क्लबाची निवड हाही आत्मचरित्राचा कळीचा प्रसंग असू शकतो, हे त्यांना दिसले. विठ्ठल यांनी १९२० साली संघातून बाहेर पडण्याचा जो निर्णय घेतला, तो याच तोलाचा आहे. फरक एवढाच की जेम्स यांना वाचक मिळाले.

२०१८ नंतर विदर्भाने २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा आणखी दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. उमेश यादव, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, आमच्या बल्लारपूर-माजरी पट्ट्यातल्या मुलांना घरचा वाटतो. त्याच्या आठवणी सांगणारी पिढी तयार होत आहे. नायडूंची आठवण सांगणारे आमचे सर आता नाहीत.

मुंबईत प्रभादेवीला 'पी. बाळू मार्ग' नावाचा रस्ता आहे. गडचिरोली जिल्ह्यातला माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त त्या भागात राहतो. मागच्या पावसाळ्यात त्याने रस्त्याच्या पाटीचा फोटो मला पाठवला आणि खाली विचारले, 'सर, तुम्ही वर्गात सांगितलेले ते हेच का? पी. म्हणजे काय?' मी 'पालवणकर' एवढेच लिहून पाठवले. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा निरोप आला : पाटीच्या समोरच्या चहावाल्याला त्याने ते सांगितले होते, आणि चहावाल्याने विचारले होते की हे पालवणकर नगरसेवक होते का.